शुद्धिपत्र आधी वाच

आत्मचरित्र कोणते वाचू, विचारून राहिला तू, वेदांग,
आणि मी इकडे कूलरच्या टाकीत बादल्या ओतून राहिलो.
थांब. एवढी टाकी भरू दे.

बडकस चौकाच्या मागे, तेलघाणीवरच्या माळ्यावर
एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
लग्नपत्रिका, संत्र्यांच्या पेट्यांची लेबलं,
पतसंस्थांचे अहवाल,
आणि लोकांचे जन्म.
रिटायर झाला की ज्याला त्याला
आपला जन्म छापायचा असतो.

ज्यात लेखक दहाव्या वर्षीच शहाणा असतो
आणि पाचव्या पानावर मंत्र्यासोबत फोटो असतो,
ते उशाला घे. झोप चांगली लागते.

बाकीचे मागून उघड.
शेवटच्या पानाला चिटोरे चिकटवलेले असेल
तर आधी ते वाच.
पाचपावलीचे बळीराम हेडाऊ, पहिलवान,
सहाशे प्रती बांधून झाल्यावर आले,
कान मोडलेले, काखेत छत्री.
म्हणाले, एक कागद छापून द्या:
पान एक्केचाळीस, ओळ सहा,
'मी पाडले' ऐवजी 'मी पडलो' असे वाचावे.
अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती त्या कुस्तीला.
समोरचा गडी मरून गेला होता,
पाहणारेही.
सहाशे चिटोरी त्यांनी स्वतः चिकटवली,
खळीची वाटी घेऊन, मांडी घालून,
आमच्याच माळ्यावर, दोन दिवस.

दामोधर गिल्लूरकरांचे तुला कंटाळवाणे वाटेल.
संत्रा मार्केटचे अडते.
मृगाचा भाव, आंब्याचा भाव, किती माल सडला,
दोनशे पाने हेच.
मधेच एका सोमवारी:
'तीन ट्रक आले. भाव उतरला. बाई गेली. ट्रक परत पाठवले.'
मंगळवारी पुन्हा भाव.
बाई म्हणजे आई की बायको, विचारावे वाटले,
वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ना बाप्पा.
पेन्सिल ठेवली, खाली जाऊन चहा घेतला,
वर आलो आणि पुढचे पान तपासले.

आणि सिस्टर अनसूया खोब्रागडे.
सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात चौतीस वर्षं.
स्वतःचा जन्म तिने चार ओळींत उरकला.
दुसऱ्या मुद्रितावर एक वाक्य खोडून पाठवले.
मग मे महिन्याच्या दुपारी, डोक्याला ओला दुपट्टा बांधून,
इंदोऱ्याहून सायकलरिक्षा करून आली.
म्हणाली, राहू द्या ते.
मी खाली टिंबं दिली.
दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आली.
काढा.
ओळ काढली की पुढची सारी पाने सरकवावी लागत,
कंपोझिटर तोंडातल्या तोंडात शिव्या देऊ लागला,
म्हणून मी म्हटले, जागा राहू दे तशीच.
पान सत्त्याऐंशीवर एक ओळ कोरी आहे.
लोकांना वाटते शाई लागली नाही.

ती ओळ मला पाठ आहे.
घरीसुद्धा कोणाला सांगितली नाही,
तुलाही सांगणार नाही.
फक्त तिथवर पोचलास की पान लवकर उलटू नको.

दुकानात यातले काही मिळत नाही.
सीताबर्डीच्या फुटपाथवर, रविवारी,
एखाद्या घरची रद्दी निघाली की येतात कधी,
पहिल्या पानावर 'चि. अमुकला सप्रेम', सहीसकट.
माझ्याकडच्या न्यायच्या तर ने.
दाराजवळ वही आहे, नाव लिही, तारीख लिही.
समासात पेन्सिलीने काही दिसले
तर ते माझे आहे,
त्याच्याकडे लक्ष देऊ नको.

आणि जाता जाता
ती दुसरी बादली दे इकडे.